आठपैकी चार तारा

बाबा,

ऑफिसला निघालोय. केबलला टोकं बसवायची पक्कड मी घेऊन चाललोय, घरभर शोधत बसू नका.

आमचे सर्व्हर का रखडत होते ते काल कळलं. तुम्ही हौसेने बनवून दिलेल्या बावीसही केबलमध्ये आठपैकी चारच तारा जोडलेल्या निघाल्या. वेगवान नेटवर्कच्या गिगाबिट स्विचला आठही लागतात, हे मी कागदावर लिहून दिलं होतं. पण टेलिफोनच्या तारा जोडण्यात हयात गेलेल्या माणसाला कोण शिकवणार! चारात भागतं म्हणून बाकीच्या तुम्ही खुशाल छाटून टाकल्यात.

मी बाजारातून तयार केबल आणून लावल्या. तुमच्या कापून पिशवीत भरल्यात, पिशवी दाराशी आहे. कचऱ्यात टाकून या, तेवढं तरी जमेल.

साहेबांनी विचारलं, हे कुणाचं काम? मी म्हटलं, एक म्हातारा कामगार होता, त्याला काढून टाकलं.

रविवारी साहेब आपल्याकडे जेवायला येतायत. ऑफिसात केबल ओढताना तुम्ही त्यांना दिसला होतात, तेव्हा त्या दिवशी ताईकडे जा. भिंतीवरचा तुमचा आणि आईचा फोटो मी आत्ताच उतरवलाय.