माय-माती शिबिर, दुसरी तुकडी

रिसोड, मंगळवार

प्रिय संघदीपदादा,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय, त्यावर फार विसंबू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय.

आधी एक सांगते. धम्मदीपाला तुझ्या शिबिरात घातलं ते तुझ्यावर मेहरबानी म्हणून नाही. लग्नसराईत आम्हा कंडक्टर लोकांना रजा मिळत नाही, डेपोच्या साऱ्या गाड्या दारापर्यंत भरलेल्या असतात. पोरीचा बाप किशन बाजार समितीत सकाळी गेला की दिवेलागणीला परत येतो. चौथी झालेली पोर दिवसभर एकटी मोबाइलच्या हवाली करायची नव्हती, म्हणून मी एप्रिलपासून शोधत होते. एका ठिकाणी नुसता अबॅकस. एका ठिकाणी 'व्यक्तिमत्त्व विकास', तिथं एवढ्या एवढ्या पोरांना टाय बांधून इंग्रजी भाषणं पाठ करायला लावतात. विहारात रत्नमालाताईंचं शिबिर होतं, ते मला पसंत होतं. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर तुझी जाहिरात आली. आसेगावचं आपलं शेत, आपली विहीर, आपला निंब, आणि वर मोठ्या अक्षरात 'माय-माती निवासी शिबिर'. धम्मदीपानं ती पाहिली आणि विषयच संपला. तिला ना बैलगाडीचं कौतुक ना विहिरीचं. तिला आजीजवळ निजायचं होतं.

खाली 'संचालक : संदीप सर' असं होतं. मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल. किशन म्हणाला, "चूक नाही ते." मी त्याच्यावरच चिडले, की माझ्या भावाला तू ओळखत नाहीस. तू पहिलीत गेलास तेव्हाची गोष्ट माय अजून सांगते. गुरुजींना संघदीप म्हणायला जड गेलं, त्यांनी हजेरीत संदीप लिहून टाकलं. आबा वावरातली डवरणी सोडून, चिखलाच्या पायांनी शाळेत गेले आणि गुरुजींसमोर उभे राहिले. नाव नीट होईपर्यंत हलले नाहीत. आबांनी कुणाशी वाद घातल्याचं मला तेवढं एकच ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी आम्ही मायलेकी वाशीमला बस बदलून आलो, तर निंबाखाली अकोल्या-अमरावतीच्या गाड्या लागलेल्या. तू कुर्ता घालून आईबापांना शेत दाखवत होतास. छपरीत चुलीपुढं माय बसली होती. अंगावर नवं हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आबांना जाऊन चार वर्षं झाली, दादा. आणि आबा होते तेव्हाही मायनं कधी कुंकू लावलं नव्हतं. का लावलं नव्हतं ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. धुरानं तिचे डोळे सुजले होते. दम्यासाठी डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितली, तेव्हा गॅस आणायला तूच गेला होतास. त्याच मायला तू फोटोसाठी पुन्हा धुरात बसवलंस.

धम्मदीपा "आजी" म्हणून धावत गेली, तर तू त्या पाहुण्यांकडं वळून हसत म्हणालास, "बघा, आल्या आल्या पोरांना लळा लागतो. गंगूमावशींना सगळे आजीच म्हणतात." गंगूमावशी. तुझ्या सख्ख्या मायचं नाव घेऊन तिला स्वयंपाकाची बाई केलीस. मी तिथंच बोलणार होते. मायनं माझ्याकडं एकदाच पाहिलं, आणि पुटपुटली, "गप राय पोरी, लोकं हायेत." मग तिनं नातीच्या हातावर भाकर ठेवली, जशी बाकीच्या पोरांच्या हातावर ठेवत होती तशीच, डोकं वर न करता.

पाणी प्यायला घरात गेले. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता त्या जागी नुसते दोन फिकट चौकोन. फोटो कोठीत, ढेपेच्या पोत्यांमागं, चादरीत गुंडाळलेले. मी तुला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं बोलावलं, तेव्हा तू काय म्हणालास ते मी विसरणार नाही. "पौर्णिमा, आठ दिवसाचा सवाल आहे. पोरं गेली की पुन्हा लावतो. यांना कळलं तर उद्या एक गाडी इथं थांबत नाही." तुझ्या शेलूबाजारच्या खानावळीचं काय झालं ते मी पाहिलंय. भिंतीवर फोटो लागला आणि महिन्याभरात बाकडी रिकामी पडली. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी खानावळ बंद केलीस, फोटो उतरवला नाहीस. तेव्हा मी डेपोभर सांगत फिरले होते, की हा माझा भाऊ.

मी पोरीला परत नेणार होते. तिनं मायचा पदर सोडला नाही. मायही म्हणाली, "राहू दे तिले, माह्याजवळ तेवढंच एक आपलं हाये." मग तिची पिशवी मायजवळ ठेवून मी निघाले.

शेवटच्या दिवशी न्यायला आले तर पोर उन्हानं रापलेली, पोहायला शिकलेली. चांगलं तेही लिहिते. पोहायला तूच शिकवलंस, जसं मला शिकवलं होतंस, कमरेला दोर बांधून. पण घरी आल्यावर शेजारच्या हिरीबाईंकडं नवी सून आली होती, तिनं विचारलं, "नाव काय गं तुझं?" माझी पोर म्हणाली, "दीपा." मी दारातच उभी होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ओळखीच्या वेळी मामानं सांगितलं होतं, नाव छोटं सांग, मला सर म्हण, आणि सकाळी उठून आजीला जय भीम करायचा नाही. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "माहं नाव खराब हाये का, आई?" याचं उत्तर तू दे. मी दिलंय माझ्या परीनं, पण तिला ते तुझ्याकडून हवंय, कारण पोहायला तू शिकवलंस.

आता मायचं. तिला मी पळवून नेलं असं तू किशनला फोनवर सांगितलंस. मी तिला 'चल' असं म्हटलंसुद्धा नव्हतं. गाड्या गेल्यावर तिनं विहिरीवर जाऊन कपाळ धुतलं, लुगडं सोडून आपलं पांढरं पातळ नेसली आणि आमच्याआधी भाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. इथं आल्यावर तिचा खोकला थांबला. तुझे फोन येत राहिले: माय कुठाय, रविवारी दुसरी तुकडी येतेय, चुलीवर कोण बसणार. तिची तब्येत तू एकदाही विचारली नाहीस. फोन स्पीकरवर होता, दादा. तिनं सगळं ऐकलं.

काल रात्री जेवताना ती आपणहून बोलली, आणि तिचा निरोप पोचवायचा म्हणूनच हे पत्र. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "त्याले लिव, म्या रयवारी येऊन राह्यली. चुलीपाशी नाही बसत. वावर माह्या नावावर हाये, म्या फाटकापाशी बसीन. जे कोनी गाडीतून उतरन त्याले जय भीम घालीन, अन् सांगीन का म्या संघदीपची माय हाओ. ज्याले रायचं तो राईन, ज्याले जायचं तो जाईन. त्याले लाज वाटत असन तर तेवढा वेळ त्यानं कोठीत जाऊन बसावं." मी तिला विचारलं, त्याचं शिबिर मोडलं तर? ती म्हणाली, "मोडलं तर मोडलं. पोरगं तं जाग्यावर येईन." धम्मदीपाही तिच्यासोबत फाटकापाशी बसणार आहे. मी माझी आठवड्याची सुटी रविवारी मागून घेतलीय. पहिल्या गाडीनं निघतो. न्यायला येऊ नकोस.

तुझीच, हे नातं तोडता येत नाही म्हणून,
पौर्णिमा