अवेळी वाजलेला भोंगा

ग्रेटन, पेन्सिल्व्हेनिया
३ मार्च १९२३

चि. ओंड्रिश यास,

प्रभू येशूची स्तुती असो. ताईचे आशीर्वाद.

आईला शनिवारी बाबांशेजारी पुरलं. तू शूटिंग उरकून गेलास, त्या दिवशी तिनं धरलेलं अंथरूण सोडलंच नाही. अरे, अवेळी खाणीचा भोंगा वाजला की आत माणसं गाडली गेली, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. बाबा गेले तेव्हा आपणही धावलो होतो. तरी सिनेमासाठी तू तो खोटाच वाजवलास, कुणाला न सांगता! तुझ्यासाठी बटाटा भरून पिरोही करत होती बिचारी. तशाच पिठाच्या हातांनी धावली आणि फाटकापाशी, तुझ्या कॅमेऱ्यासमोर कोसळली.

एकच मागणं आहे. तेवढी धाव कापून टाक. आईचा तमाशा नको. सगळं गाव तुला शिव्या घालतंय आणि मी वेडी अजून तुझीच बाजू घेतेय.

तुझी,
झुझाना

हॉलिवूड
२० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून खूप रडलो.

लहानपणी कोळशातले दगड वेचताना मी मुकादमाची नक्कल करायचो, छडी खायचो, आणि तू हसून लोळायचीस. त्या नकलांवरच इथवर आलो. नाव बदलून अँडी हॉल झालो, वर्षानुवर्षं पडद्यावर आपटून-पडून लोकांना हसवलं. आता कुठे स्टुडिओच्या मालकांनी पहिल्यांदा मनासारखा सिनेमा काढू दिलाय. इथल्या नटी जत्रेला निघाल्यासारख्या धावतात गं! मला खरी धाव हवी होती.

कात्री हातात घेतली होती. पण आईसारखं कुणीच धावलेलं नाही. तो तुकडा पाहून मालक उठून उभे राहिले. ताई, नाही कापवत. आता आपलं कुणीच खाणीत नाही, ती धावेल असं वाटलंच नव्हतं.

रागावून का होईना, लिहीत जा.

तुझा,
ओंड्रिश

ग्रेटन
९ सप्टेंबर

ओंड्रिश,

काल तुझा सिनेमा इथं लागला. पेपरवाले तुला थोर म्हणतात म्हणे. म्हणू देत.

मूकपट असला तरी आम्हाला एकमेकींचे ओठ कळतात. जी ती आपापल्या नवऱ्याला हाका मारत धावतेय. मग आई आली, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. शेजारच्या मारियानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, अगं, ही कुणाला हाक मारतेय बघ.

त्या सकाळी तूच तिला थाप मारली होतीस ना, आज कॅमेरा घेऊन खाणीत उतरतोय म्हणून?

इतक्यांदा तो तुकडा पाहिलास, तुला दिसलं नाही? परत बघ. पडेपर्यंत ती तुझंच नाव घेतेय.

झुझाना