बिनखुणेचे कप

४ जानेवारी

आज लंबूशी भांडले. सगळ्यांसमोर! तिला प्रत्येक कपाच्या बुडाला खूण हवी — जिची तिची. मातीच्या कपांचा हा कारखाना आम्ही सातजणी मिळून चालवतो. इथे कुणी मालकीण नाही, कुणाचं नाव नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं ना? मी सरळ आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीकडे बोट दाखवलं. हात थरथरतात तिचे. खुणा आल्या की गिऱ्हाईक तिचे कप वेचून बाजूला सारणार, मग ती बसेल घरी.

लंबू म्हणाली, "आजीला सांभाळायचं म्हणून मी नाहीशी व्हायचं?"

नाहीशी! चाकावर बसली की गुडघे कानाला लागतात बाईचे, नाहीशी कशी होणार? पण तेव्हा कुणी हसलं नाही.

५ जानेवारी

हात वर करून मतं घेतली. तिच्या बाजूने तिचा एकटीचाच हात. मी जिंकले.

भट्टी भरताना म्हणाली, "तुझा कप मी डोळे मिटून ओळखते. डावखुरी ना तू! कान चिकटवताना खालचं टोक अंगठ्याने दाबतेस, डावीकडे खड्डा पडतो."

"मग खूण कशाला हवी गं तुला?" मी टोला हाणला.

"तू ओळखशील माझा?"

मी हसण्यावारी नेलं.

१९ जानेवारी

बोलते, पण कामापुरतं. डबा घेऊन खिडकीशी एकटी बसते. मी बाकीच्या पाचजणींत बसते. माझं चुकलेलं नाही. आजीचे कप खपतायत, आजी खूश आहे. तरी रोज वाटतं, उठावं आणि खिडकीशी जावं. हट्टी मेली मी! उठत नाही.

२ फेब्रुवारी

लंबू आली नाही. तिचा भाऊ आला होता. दवाखान्यात ठेवलंय म्हणे, छातीत पाणी झालंय. आज भट्टी उघडायची होती. उद्या जाईन.

३ फेब्रुवारी

गिऱ्हाईक बसून होतं, निघता आलं नाही. उद्या नक्की.

४ फेब्रुवारी

लंबू गेली.

११ फेब्रुवारी

घरी जायला नको वाटतं. फळीवरचा एकेक कप उचलून बघत बसले. वजनाला हलका, तो तिचा? की पातळ काठाचा? शेवटच्या भट्टीत तिचे असणारच, पण कुठले? मला एकही सांगता येईना. इतकी वर्षं शेजारच्या चाकावर बसून मी काय बघत होते!

आजीला विचारलं, तर प्रेमाने म्हणाली, "अगं, सगळे आपलेच." वाक्य माझंच, भांडणातलं. पाठ केलंय तिने.

२० फेब्रुवारी

भाऊ येऊन गेला. तिने दवाखान्यात उशाशी ठेवलेला कप आणला होता, जुन्या ओढणीत गुंडाळून. "शेवटपर्यंत यातूनच पाणी प्यायली. तुम्हाला द्यायचा म्हणाली."

एक तरी मिळाला! घरापर्यंत छातीशी धरून आणला. ओढणी सोडवलीच नाही. उद्या सकाळी चहा तिच्या कपातून घेणार. किती दिवसांनी कुणाबरोबर तरी चहा.

२१ फेब्रुवारी

कप विसळत होते. कानाच्या खालच्या टोकाशी, डावीकडे, अंगठा खड्ड्यात बरोबर बसला.

तिचा नाही. माझा.