कातरणीला ये

बिरोबावस्ती, ता. सांगोला, जि. सोलापूर
रविवार

प्रिय बिरूदादा,

‘प्रिय’ लिहिताना पेन दोनदा अडलं. पण मी आता शाळेत बाई आहे, खाडाखोड केली तर पोरांना काय तोंड दाखवू? म्हणून राहू दिलं.

तुझ्या पॅरोलच्या चौकशीला परवा पोलीस आले होते. साहेब ऐटीत खुर्चीवर टेकायला गेले आणि आमच्या एडक्यानं मागून अशी ढुशी दिली, की साहेब थेट तुझ्या आईच्या, नागव्वाकाकूंच्या पायाशी! बिचारी काळजीनं अर्धी झालेली, पण पदर तोंडात कोंबून हसली. बारा वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मग देवळापुढं वस्ती जमली. कोंडीबाआण्णा म्हणाले, “खून त्यो खूनच. वयाचं काय घिऊन बसलाय?” महानंदामावशी उसळली, “एकोणीस वर्साचं प्वार हुतं. चार दिस आईजवळ ऱ्हाऊ द्या की!” तासभर जुंपली. मधे चहा आला, तेवढ्यापुरतं सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. आमच्या घराची हरकत आली की अर्ज पडतो, मागचे दोन तसेच पडले. दोन्ही वेळा हरकत मीच लिहिली होती. मला तुझा राग होता, आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे.

तुला कातरणीचे दिवस आठवतात का रे? गुंडादादा मेंढरू धरायचा, तू कातरायचास, मी लोकर गोळा करायचे. माझ्या वेणीत लोकर खोचून तुम्ही दोघं “आली बघ मेंढी” म्हणून ओरडायचात. मी रडायचे आणि परत तिथंच येऊन बसायचे. त्या दिवशीही बसले होते. तुझ्या हातून मेंढीला जरा लागलं, दादानं चिडवलं, शब्दाला शब्द वाढला आणि तू हातातली कात्री त्याच्या पोटात खुपसलीस. माझा भाऊ गेला. तेव्हापासून आमची मेंढरं बाहेरची माणसं कातरतात, आणि अशी वाकडीतिकडी की बघवत नाही.

तर परवा आई म्हणाली, “येऊ दे त्येला. पर मागच्या वाटंनं गपचिप घरात शिरायचं न्हाय. माझ्या दारात यायचं, आमची मेंढरं कातरायची.” कोंडीबाआण्णांनी विचारलं, “मायाक्का, कात्री दिशील त्येच्या हातात?” आई म्हणाली, “व्हय. मीच दीन.” या वेळी मी ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं, आणि तुला कळवायचं कामही आईनं माझ्याच गळ्यात घातलं. साहेब म्हणाले, आता बहुतेक मंजूर होईल. पुढच्या महिन्यात कातरणी आहे. ती कात्री पोलिसांनी नेली, पण तिच्या जोडीची धार लावून ठेवली आहे. तू ये. मेंढरू मी धरीन.

रागावलेली, तरी तुझीच,
ऋतुजा