तिसरा निकोलाय अलेक्सांद्रोविच

६ फेब्रुवारी १९९४, रविवार

साशाने आज जेवताना नाव बोलून टाकलं! लारिसाला अजून अडीच महिने आहेत, आणि हा काकडीचा तुकडा चावत म्हणतो, "मुलगा झाला तर निकोलाय. बाबांचं नाव. ठरलं."

मी चमचा खाली ठेवला. पोटातल्या मुलाचं नाव असं मोठ्याने घेतात? आमच्याकडे झबलं-टोपरंसुद्धा आधी घरात आणत नाहीत.

"थुंक," मी म्हटलं. "डाव्या खांद्यावरून, तीनदा. आत्ताच्या आत्ता."

"आई, सव्वीस वर्षांचा आहे मी. पोरांना स्केटिंग शिकवतो. त्यांनी पाहिलं तर काय म्हणतील?"

"इथे पोरं नाहीत. थुंक."

थुंकला. लारिसा तोंडावर हात ठेवून हसत होती. सून चांगली आहे, पण हसण्याची वेळ तिला कळत नाही.

निकोलाय अलेक्सांद्रोविच. साशा म्हणजे अलेक्सांद्र, तेव्हा त्याच्या मुलाचं पुरं नाव हेच होणार. माझ्या नवऱ्याचं, कोल्याचं, पुरं नाव हेच होतं. आणि शेवटच्या झारचंही हेच.


९ फेब्रुवारी

सकाळपासून ग्रंथालयात कोट फार आले नाहीत. एकतीस बिल्ले दिले, एकतीस परत आले. दुपारी वर वाचनखोलीत गेले. तागाच्या गिरणीत वीस वर्षं उभी होते, आता इथे कोट सांभाळते – पण वाचायची मुभा आहे, म्हणून ही नोकरी मला राणीपदासारखी वाटते. चार यत्ता शिकले. बाकी सगळं कोल्याने आणून दिलेल्या पुस्तकांतून.

ग्रंथपाल फाइना मार्कोव्हनांना म्हटलं, झारांचं पुस्तक द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कापितोलिना, तुला काय झालं? गादीवर बसायचा विचार आहे?"

वहीत उतरवून घेतलं:

निकोलाय अलेक्सांद्रोविच – तळघरात गोळ्या घातल्या. बायकामुलांसकट.

अलेक्सांद्र निकोलायेविच, त्याचा आजोबा – कालव्याच्या काठी बॉम्ब. पाय गेले. त्याच दिवशी मेला.

हा दुसरा म्हणजे माझ्या साशाचं नाव! अक्षरन् अक्षर तेच. साशाचं नाव ठेवलं तेव्हा मला काय माहीत? आम्हाला झार म्हणजे एकच शिकवला होता, वाईट. कोल्याला गिरणीत 'महाराज' म्हणायचे. "सरका, सरका, महाराज आले!" तोही मान ताठ करून चालायचा. पाचशे मीटरमध्ये गावात पहिला, त्रेचाळीस सेकंद आणि आठ दशांश – बर्फावर खरंच राजा होता. आम्ही सगळे हसायचो.


१० फेब्रुवारी

साशाला यादी दाखवली. त्याने चहा संपवला, बूट घातले, गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.


१६ फेब्रुवारी

आज साशा स्वतःची यादी घेऊन आला! क्रीडाशाळेच्या कपाटातून जुनी संदर्भपुस्तकं काढून बसला होता म्हणे. टेबलावर कागद ठेवला आणि वकिलासारखा उभा राहिला.

"ऐक. निकोलाय अलेक्सांद्रोविच, वजन उचलणारा. शहाऐंशी वर्षं जगला. निकोलाय अलेक्सांद्रोविच, पोहणारा. अजून जिवंत, नातवंडांना पोहायला शिकवतो. निकोलाय अलेक्सांद्रोविच, गोलरक्षक. गुडघा मोडला, बस. गुडघाच! आणखी दोन आहेत, अडथळ्यांच्या शर्यतीतले. दोघेही म्हातारे होऊन अंथरुणात मेले."

"आणि झार?"

"झार एक. खेळाडू पाच. मोज तूच."

"झाराचं मरण सगळ्या पुस्तकांत आहे."

"म्हणूनच ना! चांगला जगला त्याच्यावर कोण पुस्तक लिहितो, आई?"

बोलायला हुशार, बापावर गेलाय. मी म्हटलं, इल्या ठेव. माझ्या वडिलांचं नाव. नव्वदीत गेले, मधमाश्यांच्या पेट्यांशेजारी बाकावर बसल्या बसल्या.

"तुझे वडील मी पाहिले नाहीत," तो म्हणाला. "माझे पाहिलेत. अकरा वर्षं. मला तेवढेच मिळाले."

भांडी घासत राहिले. घासलेलीच परत घासली.


२७ फेब्रुवारी

दूरदर्शनवर पुन्हा झारची हाडं. कुठल्या कुठल्या देशांत पाठवून तपासतायत. अजून पुरलेली नाहीत. माणूस मेला त्याला पाऊणशे वर्षं झाली आणि पेटीत पडून आहे. मी टीव्ही बंद केला.

कोल्या तरी मातीत आहे. मे महिन्यात सापडला, पण सापडला.

लारिसा एकटी आली होती. लोणचं मागायला – म्हणजे निमित्त. पाय सुजलेत. स्टुलावर बसवून तिचे बूट काढले. म्हणाली, "अहो आई, मला दोन्ही नावं चालतील. पण तो रात्रंदिवस तेच बोलतो. तुम्ही एवढा विरोध का करता, ते मला सांगाल? झारांमुळे नाही ना?"

"झारांमुळेच."

"बरं," ती म्हणाली. पटलं नव्हतं. मी तिला कोबीचं लोणचं दिलं, मोठी बरणी.


५ मार्च

फाइना मार्कोव्हना म्हणाल्या, "नावाने माणूस मरत असता तर या देशात एकही इव्हान उरला नसता." हसले. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.


१३ मार्च, क्षमेचा रविवार

उद्यापासून मोठा उपास. आज सगळे एकमेकांची क्षमा मागतात. जिन्यावर शेजारीण भेटली, तिने मागितली – गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोरीवर तिने चादरी वाळत घातल्या त्याची! मी दिली.

साशा आणि लारिसा ब्लिनी खायला आले. तव्यावर बावीस पातळ ब्लिनी घातल्या. निघताना साशा दारात उभा राहिला, टोपी हातात. "आई, मला क्षमा कर." मी म्हटलं, "देव करेल, मीही करते." मग मी म्हटलं, "तूही मला क्षमा कर, साशा." तो म्हणाला, "देव करेल. मीही करतो."

झालं. कशाबद्दल, ते दोघांनीही विचारायचं नसतं. रीतच तशी आहे. या रीतीच्या आड मी पंधरा वर्षं लपले आहे.

इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

एप्रिल १९७९. मला न्यूमोनिया झाला होता, नदीपलीकडच्या रुग्णालयात तीन आठवडे. एका जाड कादंबरीचा पहिला भाग संपला. वॉर्डच्या फोनवरून मी गिरणीत फोन केला. कोल्याला बोलावून घेतलं, यंत्र थांबवून. म्हटलं, दुसरा भाग आण. तो म्हणाला, नदीच्या बर्फावरचा रस्ता काल बंद केला, खुणेला रोवलेल्या फर झाडाच्या फांद्या काढून घेतल्यात. पुलावरून बसने रविवारी येतो. मी म्हटलं – मला तो आवाज अजून ऐकू येतो, माझाच – "रविवारपर्यंत मी इथे काय करू? तू म्हणे बर्फावरचा महाराज!"

चेष्टेत म्हटलं. चेष्टेतच.

तो स्केट्स बांधून निघाला. वेगाने गेलं तर बर्फ तुटत नाही, असं सगळ्या स्केटिंगवाल्यांना वाटतं. पुस्तक कोटाच्या आत होतं, मेमध्येही आतच होतं.

गावात सगळे म्हणाले, अपघात. धाडसी माणूस. साशालाही तेच माहीत आहे – बाबा आईला भेटायला निघाले होते. तो हे अभिमानाने सांगतो! पोरांना सांगतो क्रीडाशाळेत. आणि मी झारांची यादी करत बसते.

नातवाला त्या नावाने रोज हाक मारावी लागेल. "कोल्या, ये." "कोल्या, जा." माझ्याने होणार नाही. एवढंच आहे. तळघर नाही, बॉम्ब नाही.


१५ मार्च

साशा पोरांना घेऊन सिक्तिवकारला स्पर्धेला गेला. पुढच्या बुधवारी परत येणार. जाताना म्हणाला, "लारिसाकडे बघ."


२० मार्च

काल संध्याकाळी लारिसाला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका पलीकडे घेऊन गेली. पाच आठवडे आधी. साशाच्या मुक्कामी फोन केला, कुणी उचलला नाही. मला गाडीत घेतलं नाही.

सकाळी सात वाजता बस बंद. रविवार! पहिली दुपारी. मी नदीवर गेले.

पंधरा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. फांद्या अजून रोवलेल्या आहेत, दोन्ही बाजूंना, हिरव्या. माणसं जात होती, एक बाई घसरगाडीवर बटाट्यांचं पोतं ओढत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय गं, गोठलीस का? चल, अजून महिनाभर हत्ती जाईल यावरून." तिच्या मागोमाग चालले. तिच्या पोत्याकडे पाहत. खाली पाहिलं नाही.


२१ मार्च

काल पुढचं लिहिता आलं नाही.

मुलगा. एक किलो नऊशे. काचेच्या पेटीत. लारिसा दुसऱ्या मजल्यावर, रक्त चढवत होते. डॉक्टरीणबाई, तैसिया ल्व्होव्हना, माझ्याच वयाच्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फुप्फुसं उघडत नाहीत. आम्ही करतोय ते करतोय." मग आवाज खाली करून, "तुमचा बाप्तिस्मा झालाय?"

"झालाय. गावी, आजीने गुपचूप केला."

"मग बाळाचा तुम्ही करा. पाद्री दुपारच्या बसशिवाय येणार नाही. दुपारपर्यंतचं मी सांगू शकत नाही. आईला विचारलंय, ती हो म्हणाली."

जीव जात असेल तर कुणीही करू शकतं. पाणी आणि नाव, बाकी काही लागत नाही. हे मला माहीत होतं. पण ते मला करावं लागेल, हे नव्हतं माहीत.

नर्सने उकळून निववलेलं पाणी वाटीत दिलं. पेटीला बाजूने गोल झडप असते, हात आत घालायला. पोर माझ्या तळहाताएवढं. छाती आत ओढली जात होती, प्रत्येक श्वासाला. नर्स म्हणाली, "नाव काय? आजीबाई, नाव घ्या."

इल्या म्हणायला तोंड उघडलं. पण समजा गेला – साशा येईपर्यंत गेला – तर ज्याला त्याने महिनाभर मनात हाक मारली, त्याला तो कुठे शोधेल? माझ्या वडिलांच्या नावाचा परका मुलगा मी त्याच्या हातात देऊ? एक माणूस मी त्याचा घेतलाच आहे.

बोटं बुडवली. "देवाचा सेवक निकोलाय याचा बाप्तिस्मा होत आहे. पित्याच्या नावाने, आमेन." पाणी. "पुत्राच्या नावाने, आमेन." पाणी. "पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन."

तिसऱ्या वेळी त्याने तोंड वाकडं केलं. पाणी गार लागलं असणार.

नर्स मागे वळून यंत्राकडे पाहत होती. तिने नाव ऐकलं की नाही, माहीत नाही. लारिसाला फक्त म्हटलं, झालं. तिने डोळे मिटले. विचारलं नाही.


२२ मार्च

जिवंत आहे.


२३ मार्च

साशा आला. स्टेशनवरून थेट नदी ओलांडून. काचेवर कपाळ टेकवून तासभर उभा होता. मी मागे बाकावर. सांगावं, सांगावं असं वाटत होतं – नाव, आणि नावाच्या मागचं सगळं. त्याचे खांदे हलत होते. सांगितलं नाही.


२६ मार्च

नळी काढली. स्वतः श्वास घेतो! तैसिया ल्व्होव्हना म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो याचा. सगळ्या मजल्याला जागं केलं." दोन किलोला वीस ग्रॅम कमी.

पाद्रींना विचारलं. म्हणाले, एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. आता फक्त पवित्र तेल लावायचं बाकी. तुम्ही जे नाव घेतलंत, तेच देवापुढे त्याचं. ते बदलत नाही.

उद्या साशाला सांगेन. त्याला आनंदच होईल. आणि मग विचारेल – आई, तू तर एवढी विरोधात होतीस? तेव्हा फोनचंही सांगेन. एवढ्या वर्षांनी ठरवलंय तर एकदमच.


२७ मार्च

साशा दिवसभर पलीकडेच. उद्या.


२८ मार्च, सोमवार

दुपारी साशा आला. बर्फ झटकला नाही, तसाच आत. नोंदणी कचेरीतून आला होता. नवाकोरा दाखला टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

"घे, आई. तू बर्फावरून चालत गेलीस, हे मला लारिसाने सांगितलं. तू. त्या नदीवरून. मग मी कशाला भांडू?"

उघडून वाचलं. इल्या अलेक्सांद्रोविच.

तो बाहेर टेबलाशी उभा आहे, माझी वाट पाहत. मी हे न्हाणीघरात, कडी लावून लिहिते आहे.