डावीकडं तोंड असलेली गोधडी

बाई,

परवा तुमच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला आणि तुमची गोधडी शिवून दाखवायला मला बोलावलं होतं. तुमची म्हणे. फोनवरची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, "बाईंची ती उशी होणारी गोधडी, तुम्हाला येते ना?" मी म्हटलं, येते, थोडीफार येते. फोन ठेवल्यावर एकटीच हसले, आणि मग माझा मलाच राग आला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाहीच कुणाजवळ. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जे काही बोलायचं ते तुमच्याशीच बोलते, आणि तुम्ही उत्तर देत नाही हे मला जिवंतपणीचंच सवयीचं आहे.

सात रस्त्याजवळचं तुमचं घर, आणि स्वयंपाकघराच्या मागची ती क्लासची खोली. स्टोव्हवर चहा उकळतोय, फोडणीचा वास येतोय आणि आम्ही मुली खाली मान घालून काजं करतोय, असं मला अजून दिसतं. आमच्या वस्तीतली मी एकटीच होते. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी मी सवयीनं उंबऱ्याशीच बसले. आई जिथं धुण्याला जायची त्या घरी आमची कपबशी वेगळी, खिडकीत पालथी घातलेली असायची. तुम्ही मला दंडाला धरून आत ओढलंत, तुमच्या घरातल्या कपात चहा ओतलात आणि म्हणालात, "आत बस. उंबऱ्यात बसलीस की माझा उजेड अडतो." काही उपकार केल्यासारखा चेहरा नाही, काही नाही. उजेड अडतो म्हणून. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला तो कप कसा होता ते सांगत बसले. त्या एका कपासाठी मी तुमच्यावर इतका जीव टाकला की तुम्ही उसवायला लावलेली शिवणसुद्धा मला गोड लागायची. एकदा परकराचा अख्खा घेर तुम्ही माझ्यासमोर टरकन उसवलात आणि म्हणालात की लांब टाका घालणारी बाई दुसऱ्याला नाही, स्वतःलाच फसवते. बाकीच्या मुली माझी कीव करत होत्या. मी मात्र रात्री अंथरुणात ते वाक्य घोकत होते.

माझ्या वडिलांचं मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तरी पुन्हा सांगते, कारण पुढं तुम्ही ते विसरल्यासारखं दाखवलंत. आम्ही वळसंगचे. वडील यंत्रमागावर कामाला लागले म्हणून शहरात आलो. मागाच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला आणि अंगठा सोडला तर बोटं राहिली नाहीत. मालकानं दया केली म्हणा किंवा तोंड बंद केलं म्हणा, चादरीच्या गोदामावर राखणदार म्हणून ठेवलं. लोखंडी फाटकाजवळ बाकड्यावर बसायचं. थंडीत गुडघे आखडायचे. वाकळ न्यावी तर उशी राहते आणि उशी न्यावी तर वाकळ राहते, कारण बसमध्ये डाव्या हातानं दांडा धरला की सामान धरायला हातच उरत नाही. बगलेत एकच वस्तू मावते. त्या बगलेसाठी मी ती केली, बाई. मांडीवर घ्यायची तेवढीच वाकळ, आत आईची जुनी लुगडी, वर चादरीचे तुकडे. मागच्या बाजूला खालच्या काठावर उशीएवढा खिसा, तीन बाजूंनी शिवलेला, एक बाजू उघडी. त्या उघड्या तोंडातून हात घालून आतला कोपरा धरायचा, खिसा उलटा करायचा आणि उरलेली वाकळ घडी करून त्याच्या पोटात सारायची. झाली उशी. खिशाचं तोंड आधी मी तुमच्याआमच्या सवयीनं उजवीकडं केलं होतं. वडील त्याच्याशी झटापट करत बसले आणि मला वाटेल म्हणून बोललेही नाहीत. मग मी त्यांना बाकावर बसवून बघितलं. उजव्या हाताच्या थोटकानं ते वाकळ मांडीवर दाबून धरतात आणि डावा हात आत जातो. सगळं उसवलं आणि तोंड डावीकडं घेतलं. त्यांनी ती उघडली, मिटली, परत उघडली. आई म्हणाली, आता पुरे, फाटंल. ते म्हणाले, "आगं, माज्या हाताला कळतंय की हे."

कडेचा गोट घालायला ती मी क्लासला आणली. तुम्ही खिशात हात घालून बघितलात, अवघडलात, गोधडी फिरवून घेतलीत आणि विचारलंत की कुणासाठी. मी सांगितलं. हाताचं, बसचं, बाकड्याचं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या कामात चूक काढली नाहीत. दोन-चार दिवस माझ्याजवळ राहू दे, म्हणालात. मी घरी जाताना रस्त्यावरून चालत नव्हते, तरंगत होते. वडील म्हणाले, ऱ्हाऊ दे की, मला काय तेवड्यानं थंडी वाजून मराण न्हाय येत.

महिला मंडळाच्या प्रदर्शनाला या, असं तुम्ही आम्हा सगळ्या मुलींना सांगितलं होतं. मी वडिलांना घेऊन आले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि उजवा हात खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून घेतला होता. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो आहोत. तुम्ही मंचावर उभ्या आहात, अंगावर शाल आहे, हातात नारळ आहे आणि टेबलावर माझ्या वडिलांची वाकळ आहे. तुम्ही माइकवर म्हणालात, "ही आमच्या माहेरची पद्धत. माझ्या आईच्या हातची." कुणीतरी विचारलं की खिशाचं तोंड असं उलट्या बाजूला का. तुम्ही क्षणभर थांबलात. मला वाटलं, आता सांगतील. तुम्ही म्हणालात, तोंड डावीकडं ठेवायचं, म्हणजे ऊब काळजाच्या बाजूला राहते. टाळ्या पडल्या. बाई, तुमच्या आईच्या उजव्या हाताला पाचही बोटं होती की. तुमच्या घरात फोटो होता त्यांचा, मांडीवर हात ठेवून बसलेल्या.

बसथांब्यावर मी रडत होते आणि वडील माझी समजूत घालत होते. "जाऊ दे. मोट्या मान्साचं नाव लागलं म्हंजे चार घरांत जाईल की. आपल्या नावानं कोन घेतंय?" ते खरंच तसं समजत होते, की मला समजावण्यासाठी बोलत होते, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ते सगळं बोलताना त्यांनी पंच्यातला हात बाहेर काढला नाही. मला तुमचा राग आला तो तेव्हा. तोवर मला नुसतं काहीतरी चुकलंय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले, तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तुम्ही कागदात गुंडाळलेली नवी कात्री माझ्या हातात दिलीत. चांगल्या पोलादाची, मूठ जड. तुझ्या हाताला अशीच कात्री शोभते, म्हणालात, आणि वळून चहात साखर टाकलीत. गोधडीचं नाव नाही. प्रदर्शनाचं नाव नाही. त्या दिवशीही चहा त्याच कपातून मिळाला. मी तो प्यायले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, त्यात आलं-साखर सगळं घातलेलं असतं. वाकळ परत मागायला माझी जीभ रेटली नाही. ज्या घरानं आपल्याला पहिल्यांदा आत बसवलं, तिथं स्वतःचीच वस्तू मागताना आपणच चोर ठरतो. नमुन्याला लागते म्हणून ती तुमच्याकडंच राहिली. वडिलांना मी दुसरी करून दिली. तिच्यात आईची लुगडी नव्हती, ती सगळी पहिलीत संपली होती.

त्यानंतर मी क्लास सोडला आणि गणवेशाच्या कारखान्यात लागले. तुमची गोधडी मात्र गावभर झाली. मोडनिंबच्या बचत गटातल्या बायका ती करतात, पुण्याला पाठवतात. एकदा माझ्या सुनेनं हौसेनं विकत आणली, मला दाखवायला. सगळ्यांचं तोंड डावीकडं. चांगल्या धडधाकट बाया उजवा हात मनगटात मुरगाळून आत घालतात, नाहीतर अख्खी गोधडी फिरवून घेतात, पण खिसा बदलत नाहीत, कारण बाईंनी सांगितलंय, काळजाची बाजू. आयत्या बिळावर नागोबा बसला की त्याला निदान बीळ कुणी खोदलं ते तरी ठाऊक असावं. तुम्ही माझ्या वडिलांचं थोटूक शेकडो घरांत पोचवलंत आणि त्याला काळीज म्हणालात. मला एवढंच विचारायचं होतं, की मी दुसऱ्या कुठल्या गल्लीतली असते तरी तुमचं माहेर आठवलं असतं का? त्या कपापायी मला वाटत होतं की तुम्हाला हा प्रश्न विचारायची वेळ येणार नाही. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी एव्हाना विसरलेही असते.

परवा मी गेले ती बोलायच्याच तयारीनं. घरून वाक्य पाठ करून निघाले होते. हॉलमध्ये तुमचा मोठा फोटो, हार, आणि खाली टेबलावर ती. आमची. चादरीचे रंग विटलेत, पण गोट तोच, मी घातलेला. मी नवं कापड घेऊन खिसा लावून दाखवला. एका जीन्सवाल्या पोरीनं विचारलं, तोंड असं का, गैरसोयीचं आहे. मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या रांगेतल्या बायकांनी एका सुरात काळजाचं सांगितलं. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "काळजाचं काही नाही. माझ्या वडिलांना उजव्या हाताला बोटं नव्हती. त्यांच्यासाठी ही मी शिवली होती, तेव्हा तोंड डावीकडं घेतलं." मला वाटलं, चला, झालं एकदाचं. तर अध्यक्षबाईंनी माइक घेतला, डोळे टिपले आणि म्हणाल्या की बघा, आपल्या बाई किती मोठ्या मनाच्या, एका विद्यार्थिनीच्या कामगार वडिलांसाठी त्यांनी आपल्या माहेरची रीत बदलली, आणि कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. टाळ्या. त्या टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. मी सुईत दोरा ओवत बसले. माझं खरं बोलणंही तुमच्याच खिशात गेलं.

चहाच्या वेळी तुमची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. पुण्याहून आली होती, केस पिकलेत तिचे. तिनं टेबलावरची गोधडी उचलून मांडीवर घेतली होती. म्हणाली, शेवटच्या थंडीत आईला फार हुडहुडी भरायची. ही अंगावर घातली की ढकलून द्यायची. दुसरं काही घाला म्हणायची, नाहीतर तशीच कुडकुडत पडायची. "म्हणायची, ही माझी नाही. जिची आहे तिला देऊन या. स्वतःच्या हातची गोधडी ओळखेना हो. तेव्हाच आम्हाला कळलं, की आईची बुद्धी गेली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला विचारलं, की तुम्ही तिच्या आवडत्या होतात, तुम्हाला तरी ती शेवटी ओळखत होती का.

मी तुम्हाला शेवटी भेटलेच नव्हते. तेवढं सांगितलं. "तुमची आई तेव्हा पूर्ण शुद्धीवर होती," एवढं एक वाक्य तिला पुरलं असतं. तिच्या मनाला केवढा आधार झाला असता, आणि गोधडीही कदाचित तिनं तिथंच माझ्या हातात दिली असती. पण तेवढंच सांगून भागलं नसतं, पुढचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, म्हातारपणी होतं असं. तिनं मान हलवली, वाकळ मिटायला घेतली आणि खिशाशी अडखळत राहिली. मी मदत केली नाही. तिनं ती तशीच अर्धवट घडी करून पिशवीत कोंबली आणि घेऊन गेली.

तर तुम्हाला आठवत होतं. विसरला असतात तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. म्हातारं माणूस, चुकलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण तुम्ही लेकीला सांगितलंत, घरातल्यांना सांगितलंत, फक्त मला निरोप धाडला नाहीत. मी याच गावात होते, बाई. रिक्षानं निघाले असते तर चहा निवायच्या आत पोचले असते. आणि येऊन काय केलं असतं? तीच तुमच्या अंगावर घातली असती बहुतेक. असं मला वाटतं, पण खात्री देत नाही.

हे कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. सुनेनं विचारलं काय लिहिताय, तर हिशोब म्हणाले. फक्त एक राहिलं. तुमची लेक समोर रडत होती आणि मी चेहरा वाईट करून बसले होते. पण तुम्ही थंडीनं कुडकुडलात आणि तरीही ती अंगावर घेतली नाहीत, हे ऐकून मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं.