लांडग्याची नेमणूक

सोमवार, १ सप्टेंबर

पुण्याच्या संपादकांना मध्ययुगीन युरोपातल्या विद्यार्थ्यांवर लेख हवाय. दिवसभर वाचलं. म्हणे विद्यार्थी! विद्या बेपत्ता, अर्थ तेवढा बापाकडे मागायचा. सकाळी गारठलेल्या वर्गात गवतावर बसायचं, संध्याकाळी बिअर ढोसून गावकऱ्यांशी मारामारी. वसतिगृहात लॅटिनची सक्ती — आणि मातृभाषेत कोण बोललं हे कळवायला त्यांच्यातलाच एक गुप्त चुगलखोर. त्याला म्हणत ‘लांडगा’! वाईच्या पाठशाळेत आम्ही संस्कृत बोललो ते लांडग्यावाचून. शी!

मंगळवार, २

कल्पना तशी वाईट नाही. इथे आखातात करामातलं जुनं घर सोडून रीम आयलंडला आल्यापासून लेक पर्णिका घरात फक्त इंग्रजी फाडते. नवी शाळा, नवा तोरा! जाहीर केलं — घरात मराठीच. चुकेल त्यानं रात्रीची भांडी घासायची. लांडगा — बायको, सुलक्षणा.

“लांडगा नाही हो, लांडगी. आणि पहिली तक्रार तुमचीच. सकाळी फोनवर ‘यल्ला, डेडलाइन आहे’ असं अरबी-इंग्रजीत कोण म्हणालं?”

भांडी घासली.

गुरुवार, ४

नियम फळला! पर्णिका जेवताना शुद्ध मराठीत — “भात.” “पुरे.” “काही नाही.” सूत्रकारांनाही इतकं थोडक्यात जमलं नसतं.

सोमवार, ८

लेखाचा नवा भाग जेवताना वाचून दाखवला. नवा पोरगा आला की जुने त्याच्या डोक्याला शिंगं बांधत, मग करवतीनं कापत. वर मेजवानी त्याच्याच खर्चानं. रानटी मेले!

पर्णिकाचा घास थांबला. “बाबा, डिड द न्यू वन्स एव्हर टेल —”

“मराठीत!”

ती शब्द शोधत राहिली. मग — “काही नाही.”

सुलक्षणानं माझ्याकडे पाहिलं. लांडगीची ही तक्रार पर्णिकाविरुद्ध नव्हती, एवढं कळलं.

मंगळवार, ९

सुलक्षणा सांगते, पोरीचा डबा आठवडाभर भरलेलाच परत येतोय. “विचारलं, तर म्हणते — आई, मला हे मराठीत सांगता येत नाही.”

लेख बाजूला ठेवला.

बुधवार, १०

पर्णिकाच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसलो. “टेल मी, बाळा. इन इंग्लिश.” बराच वेळ बोलली. डबा उघडला की वर्गातल्या जुन्या मुली नाक दाबतात, म्हणून मधल्या सुट्टीत ती बाथरूममध्ये बसते. उद्या शाळेत जातोय, तिच्याबरोबर.

भांडी मीच घासली. लांडगी शेजारी उभी राहून पुसत होती.